चक्रम कोरियन प्रेमपट आपल्याला का धरून ठेवतात?

उत्तररात्र | शनिवार, रात्री ११.४०

पाठीच्या दुखण्यामुळे मी गेले पंधरा दिवस आईवडिलांकडे सक्तीच्या विश्रांतीवर आहे. परवा रात्री झोप येईना म्हणून बाहेरच्या खोलीत आवाज बारीक करून पार्क चान-वूक यांचा २००६ सालचा 'आय अ‍ॅम अ सायबॉर्ग, बट दॅट्स ओके' लावला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रेडिओच्या कारखान्यात काम करणारी एक मुलगी स्वतःला यंत्रमानव समजते, मनगट कापून त्यात विजेच्या तारा खुपसते आणि मनोरुग्णालयात दाखल होते. तिथे ती आजीची कवळी लावून दिव्यांशी आणि पेयांच्या यंत्राशी गप्पा मारते, जेवणाच्या वेळी बॅटऱ्या चाटते आणि अन्न पोटात गेले तर आपण बिघडू या भीतीने जेवत मात्र नाही. आई पाणी प्यायला उठली होती. आधी ती दारात उभी राहून पाहत होती, मग खुर्चीच्या हातावर टेकली आणि शेवटी माझ्या पायावरची चादर तिने अर्धी स्वतःकडे ओढून घेतली. इंग्रजी उपशीर्षके तिला झेपत नाहीत, म्हणून मी मधूनमधून सांगत होते. पण तिथलाच एक रुग्ण मुलगा त्या मुलीच्या पाठीत भाताची वीज करणारे यंत्र बसवल्याचे नाटक करतो आणि मग ती भोजनगृहात सगळ्यांच्या देखत पहिला घास तोंडात घालते, तिथे मी काही सांगितले नाही आणि आईनेही विचारले नाही. चित्रपट संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "जेवली ना पण पोरगी."

आता प्रश्न. साधासरळ प्रेमपट पाहताना माझ्या आईला दहाव्या मिनिटाला डुलकी लागते. देखण्या नायक-नायिकांचे, नीटनेटके कोरियन प्रेमपट मीही पुष्कळ पाहिले आणि विसरले. लक्षात राहिले ते असले चक्रम. माझा अंदाज असा आहे की या चित्रपटांत कोणी कोणाला शहाणे करायला जात नाही. तू यंत्र नाहीस, हे त्या मुलाने तिला पटवत बसावे असे दिग्दर्शकाला वाटले नाही. यंत्रच असशील तर भातावर चालणारे हो, एवढीच त्याची मागणी. तुम्हाला या चित्रपटांत नेमके काय सापडते?

चौथी_रांग | रविवार, सकाळी ७.१५

सूडकथांच्या तीन चित्रपटांनंतर लगेच पार्क यांनी हा केला, त्यामुळे रक्तपाताच्या अपेक्षेने गेलेले प्रेक्षक गोंधळले होते. २००७ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला आल्फ्रेड बाउअर पारितोषिक मिळाले. पण या जातीच्या चित्रपटांची चर्चा 'माय सॅसी गर्ल'पासून व्हायला हवी. क्वाक जे-योंग यांचा हा चित्रपट २००१ सालचा. किम हो-सिक नावाच्या माणसाने स्वतःच्या प्रेमप्रकरणावर संगणकावरच्या एका चर्चामंचावर १९९९ साली एकेक लेख टाकायला सुरुवात केली, त्याचे पुस्तक झाले आणि पुस्तकाचा चित्रपट. म्हणजे धाग्यातूनच जन्मलेली कथा आहे ही. इथल्या मंडळींनी आशा सोडू नये.

त्याची बांधणी मला अजूनही विलक्षण वाटते. फुटबॉलच्या सामन्यासारखे पूर्वार्ध, उत्तरार्ध आणि जादा वेळ असे तीन भाग केले आहेत. पूर्वार्धात आपण हसतो. ती मुलगी भुयारी रेल्वेत दारूच्या नशेत एका वृद्ध गृहस्थाच्या टोपावर उलटी करते, आणि सगळा डबा नायकालाच तिचा मित्र समजून त्याच्याकडे रागाने पाहतो. उत्तरार्धात हळूहळू कळत जाते की ती मुळात दांडगट नाही, तिचा प्रियकर वारला आहे आणि त्या धक्क्यात ती वाटेल तशी वागते आहे. संपूर्ण चित्रपटात तिचे नाव एकदाही येत नाही. विनोदाखाली दुःख दडवून ठेवायचे आणि ते योग्य वेळीच उघडे करायचे, ही सगळी करामत त्यात आहे. आकर्षणाचे कारण मला तरी हेच वाटते.

नस्ती_उठाठेव | रविवार, सकाळी ९.०२

मी थोडी कटुता आणते, त्याबद्दल क्षमस्व. त्या चित्रपटात ती त्याला सतत मारते, धमकावते, त्याच्या गळी न आवडणारी पेये उतरवते, आणि आपण त्याला गोड म्हणतो. हेच एखाद्या मुलाने मुलीला केले असते तर आपण चित्रपट अर्ध्यावर बंद केला असता. मागे शोकांतिका जोडली म्हणजे थपडा माफ होतात, हे मला पटत नाही. उत्तररात्र म्हणतात तसे 'शहाणे न करणे' ही प्रेमाची खूण असेलही, पण कधीकधी ते निव्वळ सहन करणे असते.

साबुदाणा | रविवार, सकाळी ९.१०

आमच्याकडे याला संसार म्हणतात.

चौथी_रांग | रविवार, सकाळी ९.४८

नस्ती_उठाठेव यांचा मुद्दा रास्त आहे, आणि मला वाटते दिग्दर्शकालाही तो ठाऊक असावा. शेवटाकडचा एक प्रसंग आठवा. ती दुसऱ्या एका तरुणाला भेटायला येते आणि त्याला नायकाशेजारी बसवून स्वच्छतागृहात जाते. तेवढ्या वेळात नायक त्याला दहा सूचना देतो. तिला तीन पेल्यांपेक्षा जास्त पिऊ देऊ नका. तिने मारले आणि लागले नाही तर लागल्यासारखे करा, खरेच लागले तर लागले नाही असे दाखवा. शंभराव्या दिवशी तिच्या वर्गात जाऊन गुलाब द्या. तिचे पाय दुखले तर तिच्याशी बूट बदला. तिला लिहायला आवडते, तिला उत्तेजन द्या. परतल्यावर त्या तरुणाकडून ही यादी ऐकताना तिच्या लक्षात येते, आणि आपल्याही, की हा माणूस मार खात असताना टिपून ठेवत होता. उंच टाचांचे तिचे बूट घालून तो धावतो तेव्हा आपण हसलेले असतो. यादीत तेच बूट पुन्हा येतात तेव्हा हसू येत नाही.

२००८ साली याच्या दोन आवृत्त्या निघाल्या, एक अमेरिकेत आणि 'अग्ली और पगली' नावाची हिंदीत. दोन्हींत थपडा आल्या, ही यादी ऐकतानाचा आवंढा मात्र आला नाही.

मुक्काम_सुवॉन | रविवार, दुपारी १.३०

मी सहा वर्षे नोकरीनिमित्त दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात राहतो, म्हणून भाषेबद्दल थोडे लिहितो, कारण इंग्रजी उपशीर्षकांतून या चित्रपटांचा निम्मा विनोद गळून पडतो. कोरियनमध्ये आदराने बोलण्याला जोन्देनमाल आणि बरोबरीच्या किंवा लहान माणसाशी बोलण्याला बानमाल म्हणतात. आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही' बदलले की क्रियापद बदलते, तिथे वाक्याचा शेवटच बदलतो. आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे समोरच्याने आपल्याला कोणत्या पायरीवर ठेवले हे वाक्य संपेपर्यंत कळत नाही. दोघांची ओळख वाढली की एकजण विचारतो, आता बोलणे खाली ठेवू या का? अक्षरशः असाच वाक्प्रचार आहे. 'अहो'वरून 'अरे'वर येण्याचा तो मुहूर्त असतो, आणि कित्येक प्रेमकथांत तो पहिल्या स्पर्शापेक्षा मोठा प्रसंग ठरतो. 'माय सॅसी गर्ल'मधली मुलगी ही पायरी जुमानत नाही, म्हणून ती कोरियन प्रेक्षकाला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक धक्कादायक वाटली. थपडांच्याही आधी तिचे क्रियापद लागते.

नस्ती_उठाठेव यांना उत्तर म्हणून एवढेच म्हणतो: त्या काळच्या कोरियन पडद्यावर मुलीने नम्र, आजारी आणि सोशिक असण्याची फार जुनी सवय होती. तिच्याविरुद्ध हा चित्रपट उभा राहिला. त्यामुळे थपडा योग्य ठरत नाहीत, पण टाळ्या कशाला पडल्या ते कळते.

साबुदाणा | रविवार, दुपारी १.३६

आणि ओप्पाचे काय? मोठ्या भावाला आणि प्रियकराला एकच हाक! आपल्याकडे मुलीने 'दादा' म्हटले की कथा तिथेच संपते.

मुक्काम_सुवॉन | रविवार, दुपारी १.४४

अगदी खरे आहे. पहिल्या वर्षी कार्यालयातल्या एका सहकारी मुलीने कोणाला तरी ओप्पा म्हटले, तेव्हा मी त्या दोघांना सख्खी भावंडे समजून लग्नाच्या दिवशीपर्यंत तसाच वागत होतो.

पाणवठा | रविवार, संध्याकाळी ६.२०

इतक्या प्रतिसादांत 'कास्टअवे ऑन द मून'चे नाव कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते. ली हे-जून यांचा २००९ सालचा चित्रपट. माझ्या मते उत्तररात्र यांच्या प्रश्नाचे सर्वात पूर्ण उत्तर त्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कर्जात बुडालेला किम नावाचा माणूस जीव द्यायला हान नदीत उडी मारतो आणि मरण्याऐवजी नदीतल्या बामसम या बेटावर वाहत येतो. त्याला पोहता येत नाही. दोन्ही तीरांवर सोलच्या उंच इमारती दिसतात, डोक्यावरून पूल जातो, आणि तरीही तो अडकलेला आहे. हे बेट खरे आहे. तिथे पूर्वी वस्ती होती. १९६८ साली पलीकडच्या योइदो या भागाच्या विकासासाठी दगड हवा म्हणून साठेक कुटुंबांना हलवून बेट सुरुंगाने उडवण्यात आले. उरलेल्या खडकांवर नदीने वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला, झाडे उगवली, पक्षी आले आणि उडवलेले बेट पुन्हा तयार झाले. आता तिथे माणसांना मज्जाव आहे आणि २०१२ पासून ते रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतले पाणथळ क्षेत्र आहे. शहराने पुसून टाकलेल्या जागेवर शहराने पुसून टाकलेला माणूस येऊन पडतो. चित्रपटात हा इतिहास कोणी भाषणातून सांगत नाही.

आता तो प्रसंग, ज्यासाठी मी हा चित्रपट चार वेळा पाहिला. कचऱ्यात त्याला जाजांगम्यॉनच्या तयार पाकिटातली मसाल्याची पुडी सापडते, न फोडलेली. जाजांगम्यॉन म्हणजे सोयाबीनच्या काळ्या सॉसमधल्या शेवया. कोरियात फोन केला की दुचाकीवरून घरी येणारे, घर बदलण्याच्या दिवशी फरशीवर बसून खाल्ले जाणारे, अगदी साधे जेवण. शहरात असताना जे त्याने सहज नाकारले असते, त्याच्यासाठी तो आता जगायचे ठरवतो. शेवया हव्यात तर पीठ हवे, पिठासाठी धान्य, धान्यासाठी बी. बी मिळवण्यासाठी तो पक्ष्यांची विष्ठा गोळा करून पेरतो. मका उगवतो. कित्येक महिन्यांचा हा उद्योग एका पुडीसाठी.

पलीकडच्या इमारतीत एक मुलगी तीन वर्षांहून अधिक काळ आपल्या खोलीतून बाहेर पडलेली नाही. ती रात्री दुर्बिणीतून चंद्राचे फोटो काढते, कारण तिथे माणसे नाहीत. आणि वर्षातून दोनदा नागरी संरक्षणाचा सराव असतो, भोंगा वाजून रस्ते रिकामे होतात, तेव्हाच दिवसा पडदा उघडते. त्या वीस मिनिटांत तिला बेटावरचा माणूस दिसतो. वाळूवर त्याने 'वाचवा' असे इंग्रजीत लिहिलेले असते आणि पुढे त्याचे 'नमस्कार' झालेले असते. ती रात्री शिरस्त्राण घालून बाहेर पडते आणि बाटलीत चिठ्ठी घालून पुलावरून फेकते. त्याची धडपड पाहून ती त्याच्यासाठी जाजांगम्यॉन मागवते. ते पोहोचवणारा माणूस बदकाच्या आकाराच्या पायडलच्या नावेतून बेटावर येतो. आणि किम ते परत पाठवतो. स्वतः उगवून केलेले जाजांगम्यॉन हीच त्याची आशा आहे, विकतचे खाल्ले तर उद्या उठायचे कशासाठी? मुलगी दुखावत नाही. तिला कळते. मला वाटते, दोन माणसांना एकमेकांचे वेड इतके नेमके कळणे हाच या चित्रपटांचा प्रणयप्रसंग असतो. या दोघांची प्रत्यक्ष गाठ तर अगदी शेवटच्या मिनिटात पडते.

कोथिंबीर | रविवार, रात्री ८.०५

पाणवठा यांनी शेवट सांगून टाकला, पण लिहिले असे आहे की भांडता येत नाही. अवांतर: १४ एप्रिलला कोरियात ज्यांना जोडीदार नाही ती मंडळी एकत्र जमून हेच काळे जाजांगम्यॉन खातात. त्यामुळे त्या पुडीत एकटेपणाची चव आधीपासूनच आहे.

'माय स्केअरी गर्ल' हा २००६ सालचा चित्रपटही या यादीत घ्यावा. तिशी उलटेपर्यंत कधी प्रेमात न पडलेला, जगाला तुच्छ लेखणारा एक प्राध्यापक शेजारणीच्या प्रेमात पडतो आणि शेजारीण खुनी निघते. प्रेत ठेवलेले असते किमचीच्या, म्हणजे आंबवलेल्या कोबीच्या, फ्रिजमध्ये. तिथे घरोघरी किमचीसाठी वेगळा फ्रिज असतो हे ठाऊक असल्याशिवाय या विनोदाची गंमत कळत नाही. आपल्याकडे कोणी लोणच्याच्या बरणीशी असा खेळ केला असता, तर आजीने चित्रपटगृहात जाऊन पडदा पुसून घेतला असता.

इम्फाळची_बदली | रविवार, रात्री ९.३०

मी २००६ ते २००९ या काळात बँकेच्या नोकरीत इम्फाळला होतो. मणिपुरात २००० साली एका भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली होती, आणि ती पोकळी आरिरांग या कोरियन वाहिनीने आणि बाजारातल्या स्वस्त तबकड्यांनी भरून काढली. माझ्या घरमालकिणीची मुले आपसांत कोरियन शब्द वापरत आणि केस तसेच कापत. पुण्यामुंबईत ही लाट पोहोचण्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे. 'माय सॅसी गर्ल' मी त्यांच्याच घरी, जमिनीवर बसून, खालची इंग्रजी अक्षरे वाचत पाहिला. संचारबंदी असल्यामुळे संध्याकाळी दुसरे काही करण्यासारखे नव्हते. घरमालकिणीला मी विचारले की तुम्हाला यात काय आवडते. त्या म्हणाल्या की पडद्यावर चपला दाराबाहेर काढून ठेवतात, मोठ्यांसमोर वाकतात आणि भात खातात. बाकी काय चालले आहे ते कळले नाही तरी चालते. चक्रमपणा आपल्याला भावतो तो त्याच्याभोवतीचे घर ओळखीचे असते म्हणून, असे मला तेव्हापासून वाटते. घरच परके असते तर आपण त्याला निव्वळ वेडेपणा म्हटले असते.

नस्ती_उठाठेव | रविवार, रात्री ९.५२

ओळखीचे घर म्हणाल तर 'माय सॅसी गर्ल'चा शेवट पाहा. इतक्या उलथापालथीनंतर दोघे भेटतात ते वडीलधाऱ्या बाईंनी सुचवलेल्या स्थळामुळे. त्या त्याची आत्या आहेत की मावशी, हे उपशीर्षकांतून कळायला मार्ग नाही, कारण इंग्रजीत सगळ्याच आंटी. एवढे बंड करून शेवटी ठरवून झालेले लग्नच म्हणायचे.

चौथी_रांग | रविवार, रात्री १०.०५

यावर मी निरुत्तर आहे.

तिसरा_मजला | सोमवार, सकाळी ६.५०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे 'सायबॉर्ग'बद्दलचे हे कौतुक थोडे अस्वस्थ होऊनच वाचले. अन्न नाकारणारा रुग्ण ही अतिशय गंभीर परिस्थिती असते. भ्रमाशी वाद घालू नये हे आम्हीही शिकवतो, कारण वादाने भ्रम पक्का होतो. पण भ्रमाला दुजोरा द्यावा असे मात्र आम्ही शिकवत नाही. चित्रपटातले डॉक्टर नळीने अन्न आणि विजेचे झटके देणारे रूक्ष लोक आहेत आणि प्रेमाने काम होते, ही मांडणी दिसायला सुंदर असली तरी एखाद्या कुटुंबाने ती खरी मानली तर उपचार लांबतात. 'द ब्युटी इनसाइड' मला या बाबतीत अधिक प्रामाणिक वाटला. २०१५ सालच्या त्या चित्रपटात नायक रोज सकाळी वेगळ्या शरीरात जागा होतो, कधी म्हातारा, कधी बाई, कधी लहान मूल. ती त्याला स्वीकारते, आणि त्या स्वीकारण्याचा ताण इतका वाढतो की तिलाच औषधे घ्यावी लागतात. दुसऱ्याचे वेड सांभाळण्याची किंमत तिथे दाखवली आहे.

कोथिंबीर | सोमवार, सकाळी ८.२०

किंमत दाखवली हे मान्य, पण महत्त्वाच्या प्रसंगांना बरोबर देखणाच चेहरा कसा उगवतो, हे डॉक्टरांनी सांगावे. नायक तो चेहरा टिकावा म्हणून दिवसचे दिवस जागतो आणि रेल्वेत डुलकी लागून तो गमावतो, तेवढा प्रसंग मात्र मीही विसरणार नाही.

ओसरी | सोमवार, सकाळी ११.१५

मी एकही कोरियन चित्रपट पाहिलेला नाही. धागा सहज उघडला आणि वाचत गेले. तिसरा_मजला यांचे म्हणणे बरोबर असणारच, त्यांचा तो व्यवसाय आहे. तरीही एक आठवण लिहिते.

माझ्या आजोबांना शेवटची दोन वर्षे रोज संध्याकाळी वाईची एसटी पकडायची असे. सहा वाजले की ते कोट चढवून दाराशी उभे राहत. सुरुवातीला आम्ही समजावत होतो की अप्पा, वाईचे घर विकले, तुम्ही आता इथेच राहता. मग ते रडत, किंवा हात उगारत. पुढे वडिलांनी समजावणे सोडले. ते अप्पांची पिशवी घेत, त्यांना सोसायटीच्या फाटकापर्यंत नेत, दोघे बाकावर बसत. दहा-पंधरा मिनिटांनी वडील घड्याळ पाहून म्हणत, गाडी गेलेली दिसते, उद्याची बघू. अप्पा म्हणत, हे एसटीवाले असेच. आणि घरी येऊन पोटभर जेवत. हा दुजोरा झाला की नाही ते मला ठरवता येत नाही. पावसाळ्यात वडील दोन छत्र्या नेत, एवढे आठवते.

तिसरा_मजला | सोमवार, दुपारी २.४०

ओसरी, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या बाबतीत आम्ही घरच्यांना साधारण हेच करायला सांगतो. तुमच्या वडिलांना कोणी सांगितले नव्हते, हे विशेष. माझा वरचा आक्षेप तरुण रुग्णांपुरता कायम ठेवतो, पण उत्तररात्र यांच्या मूळ मुद्द्याकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो आहे.

मुक्काम_सुवॉन | सोमवार, दुपारी ४.१०

ज्यांना अजून पुढे जायचे असेल त्यांनी ली वॉन-सुक यांचा २०२३ सालचा 'किलिंग रोमान्स' पाहावा. निवृत्त अभिनेत्री, तिचा जुलमी धनाढ्य नवरा, प्रवेशपरीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणारा शेजारी चाहता आणि एक शहामृग. चित्रपटगृहात तो फारसा चालला नाही; मग चाहत्यांनी एकत्र गाणी म्हणत पाहण्याचे खेळ सुरू केले. नस्ती_उठाठेव यांनी तो जरूर पाहावा, कारण तिथे जाच करणारा जोडीदार गोड म्हणून खपवलेला नाही, त्याला मारण्याचे बेत केले आहेत.

नस्ती_उठाठेव | सोमवार, संध्याकाळी ५.००

आज रात्रीच पाहते.

उत्तररात्र | मंगळवार, रात्री ९.१५

सर्वांचे आभार. नस्ती_उठाठेव यांची हरकत मला मान्य आहे, आणि 'शहाणे न करणे' व 'सहन करणे' यांतला फरक मी मूळ लेखात केला नव्हता. पाणवठा यांच्या सांगण्यावरून काल 'कास्टअवे ऑन द मून' लावला. या वेळी वडीलही बसले. त्यांनी आयुष्यभर शेतकी खात्यात नोकरी केली आहे. प्रेमकथेकडे त्यांचे लक्ष नव्हते, पण मका उगवला तेव्हा ते उठून पडद्याजवळ गेले आणि दोन रोपांतले अंतर फार कमी आहे म्हणाले. ओसरी यांची एसटीची गोष्ट मी आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, फक्त दोन छत्र्यांचे पुन्हा वाचायला सांगितले.

आज भावाने जाजांगम्यॉनची चार पाकिटे आणली. आईला काळा रंग पाहून धीर होईना. वडिलांनी पहिला घास घेतला, थोडा विचार केला आणि उठून त्यात दाण्याचे कूट घातले. आता तिघेही जेवतो आहोत.

साबुदाणा | मंगळवार, रात्री ९.१९

कूट जाडसर होते की बारीक?